ऑनलाइन दुकानातील कार्टची नोंद कशी ठेवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांकडून आणि अशा दुकानांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून कार्टविषयी जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. कार्ट सांभाळणे हे वरवर किरकोळ काम वाटते. परंतु अर्धा तास खर्चून निवडलेल्या सात वस्तू डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या, तर ग्राहक त्या पुन्हा निवडत बसत नाही, तो दुकान सोडून जातो. म्हणून जेथे चुका जास्त होतात, तेथील उत्तरे मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

१. कार्ट लक्षात ठेवण्यासाठी वेगळी व्यवस्था का लागते?

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण एचटीटीपी या नियमावलीनुसार चालते, आणि तीत प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण मानली जाते. ग्राहकाने पान मागितले, सर्व्हरने ते दिले, की तो विषय संपतो. पुढच्याच क्षणी त्याच ग्राहकाने दुसरे पान मागितले, तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो नवखाच असतो. त्यामुळे मघाशी कार्टमध्ये निळा सदरा टाकणारी व्यक्ती हीच, एवढे ओळखण्यासाठीसुद्धा काहीतरी खूण लागते.

ही ओळख आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवरच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून, का पटवू नये, असे अनेक जण विचारतात. एका कार्यालयातील शेकडो माणसे बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसू शकतात, आणि मोबाइलवरचा ग्राहक वायफाय सोडून रस्त्यावर आला की त्याचा पत्ता बदलतो. म्हणजे पहिल्या प्रकारात अनेकांची कार्ट एक होईल आणि दुसऱ्या प्रकारात एकाच्या दोन होतील.

२. कुकी नेमके काय काम करते?

कुकीचा जन्मच मुळी कार्टच्या गरजेतून झाला. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांच्यापुढे ऑनलाइन खरेदीचा एक प्रकल्प होता, आणि ज्या कंपनीसाठी तो करायचा होता तिला अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या सर्व्हरवर साठवायचे नव्हते. त्यावर निघालेला उपाय असा, की सर्व्हरने उत्तरासोबत मजकुराचा एक छोटा तुकडा पाठवावा आणि ब्राउझरने तो जपून ठेवून पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर परत करावा.

आज मात्र बहुतेक दुकानांत उलट रचना असते: कार्ट सर्व्हरवर राहते आणि कुकीत फक्त एक क्रमांक असतो. सामानघरात पिशवी ठेवून घेताना हाती दिला जाणारा बिल्ला डोळ्यांपुढे आणावा. पिशवी आत फळीवर असते, ग्राहकाच्या खिशात असतो तो केवळ बिल्ला. पुढील उत्तरांत या क्रमांकाला बिल्ला असेच म्हटले आहे. माझे ठाम मत असे, की पिशवी आणि बिल्ला यांतील हा फरक ज्याने मनाशी पक्का केला, त्याचे कार्टविषयीचे निम्मे प्रश्न सुटतात.

३. मग संपूर्ण कार्टच कुकीत ठेवली तर काय बिघडते?

तीन गोष्टी बिघडतात. एका कुकीत ४०९६ बाइट मावतील एवढीच अपेक्षा ब्राउझरकडून धरता येते, त्यामुळे मोठी कार्ट कधीतरी कापली जाते किंवा नोंदलीच जात नाही. ही कुकी प्रत्येक विनंतीबरोबर, अगदी चित्रे मागतानासुद्धा, सर्व्हरकडे जाते आणि दुकान विनाकारण जड होते. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे: कुकी ग्राहकाच्या संगणकावर असते आणि ती तो हवी तशी बदलू शकतो. मजकुरावर सर्व्हरची सांकेतिक सही ठेवली तर बदल ओळखता येतो, परंतु तेवढी खटपट करण्यापेक्षा कार्ट डेटाबेसमध्ये ठेवणे सोपे पडते.

४. ब्राउझरमधील लोकल स्टोरेज वापरावे का?

केवळ सोयीसाठी वापरावे, मुख्य नोंद म्हणून वापरू नये. तेथे प्रत्येक संकेतस्थळाला साधारण ५ एमबी जागा मिळते आणि नेट नसतानाही कार्ट दाखवता येते, हे त्याचे गुण आहेत. परंतु ग्राहकाने फोनवर निवडलेली वस्तू त्याला लॅपटॉपवर दिसणार नाही. शिवाय सफारी ब्राउझर २०२० पासून, ग्राहकाने ब्राउझर वापरलेल्या सात दिवसांत त्या संकेतस्थळाशी काहीच संबंध आला नाही, तर प्रोग्रॅमने तेथे लिहिलेली माहिती पुसून टाकतो. पगार झाल्यावर घेऊ, असे म्हणून गेलेला ग्राहक तीन आठवड्यांनी परत आला तर त्याला रिकामी कार्ट दिसेल.

५. बिल्ल्याचा क्रमांक पानाच्या पत्त्यात, म्हणजे लिंकमध्ये ठेवता येईल का?

ठेवू नये. ग्राहक आवडलेल्या वस्तूची लिंक मित्राला पाठवतो, आणि लिंकबरोबर बिल्लाही जातो. मग दोघे एकाच कार्टमध्ये वस्तू टाकू लागतात.

६. आमच्या ग्राहकांची कार्ट मधेच रिकामी होते, पण आम्ही पाहायला गेलो की सर्व ठीक असते. असे का होते?

कार्टविषयीची सर्वांत छळणारी तक्रार हीच आहे, आणि तिची कारणे बहुधा दोन ठिकाणी सापडतात.

पहिले ठिकाण म्हणजे सेशनची, म्हणजे ग्राहकाच्या एका भेटीपुरत्या सर्व्हरवर ठेवलेल्या तात्पुरत्या नोंदीची, मुदत. कार्ट जर सेशनमध्ये ठेवली असेल, तर सेशन संपताच ती जाते. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत ही मुदत मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. मुदत उलटली की सेशनची नोंद असलेली फाइल त्याच क्षणी पुसली जाते असेही नाही. मूळ मांडणीत साधारणपणे शंभर वेळा सेशन सुरू झाले की त्यातील एखाद्या वेळी सफाई होते. म्हणून एका ग्राहकाची कार्ट तासभर टिकते आणि दुसऱ्याची अर्ध्या तासात जाते.

मी सांभाळत असलेल्या एका दुकानात मुदत वाढवून चार तास केलेली होती, तरीही दुपारी कार्ट रिकाम्या होत. मी एका ग्राहकाच्या नोंदी ओळीने लावून पाहिल्या: ११ वाजून २ मिनिटांनी तिसरी वस्तू टाकली, ११ वाजून ३१ मिनिटांनी चौथी टाकली, आणि त्या वेळी कार्टमध्ये एकूण वस्तू एकच. मधल्या २९ मिनिटांत आमच्या प्रोग्रॅमने काहीही पुसलेले नव्हते. शेवटी सेशनच्या फाइली ज्या फोल्डरमध्ये होत्या तो उघडून पाहिला, तेव्हा त्यात आमच्या नसलेल्या फाइलीही दिसल्या. त्याच सर्व्हरवर दुसरे एक संकेतस्थळ चालत होते, ते हाच फोल्डर वापरत होते आणि त्याची मुदत २४ मिनिटेच राहिली होती. त्याच्याकडे वर्दळ वाढली की त्याची सफाई चाले, आणि कोणती फाइल कोणाची हे न पाहता ती आमच्याही जुन्या फाइली उचलून नेई. फोल्डर वेगळा करताच तक्रारी थांबल्या. पण त्यानंतर मी कार्ट सेशनमध्ये ठेवणेच सोडले. सेशन म्हणजे भेट, आणि कार्ट भेटीपेक्षा जास्त काळ टिकली पाहिजे.

दुसरे ठिकाण म्हणजे एकापेक्षा जास्त सर्व्हर. विनंत्या दोन सर्व्हरमध्ये वाटल्या जात असतील आणि प्रत्येकाच्या सेशन-फाइली त्याच्यापाशीच राहत असतील, तर पान ताजे केले की कार्ट कधी भरलेली दिसते, कधी रिकामी. अशी आलटून-पालटून लक्षणे दिसली तर इतर काही शोधण्यापूर्वी हेच तपासावे. कार्टची नोंद दोन्ही सर्व्हरना सामाईक असलेल्या डेटाबेसमध्ये ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे.

७. कार्ट किती दिवस जपावी?

लॉगिन केलेल्या ग्राहकाची कार्ट त्याने स्वतः रिकामी करेपर्यंत जपावी, असे माझे मत आहे. लॉगिन न केलेल्यांसाठी ३० ते ९० दिवस पुरतात. कुकीची मुदत कितीही लांब लिहिली तरी क्रोम ब्राउझर ती ४०० दिवसांपुढे जाऊ देत नाही. मुदत संपलेल्या पाहुण्या कार्ट रात्रीच्या वेळी आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून करावी, कारण या नोंदी फार वेगाने साचतात.

८. ग्राहकाने आधी वस्तू निवडल्या आणि मग लॉगिन केले, तर दोन कार्टचे काय करावे?

पाहुणा म्हणून भरलेली कार्ट आणि खात्यात आधीपासून असलेली कार्ट यांपैकी एकही टाकून देऊ नये. दोन्ही एकत्र कराव्यात. खरा प्रश्न येतो तो दोन्हीकडे तीच वस्तू असली तर. पुष्कळ दुकाने अशा वेळी नगांची बेरीज करतात, आणि मला ते चुकीचे वाटते. गेल्या आठवड्यात लॉगिन करून एक पुस्तक कार्टमध्ये टाकलेला ग्राहक ते विसरून आज पाहुणा म्हणून तेच पुस्तक पुन्हा टाकतो. त्याला एकच प्रत हवी असते, आणि बेरीज केल्यास नकळत दोन प्रती त्याच्या घरी पोहोचतात. म्हणून दोहोंपैकी मोठा आकडा घ्यावा आणि 'तुमच्या आधीच्या कार्टमधील वस्तूही येथे आणल्या आहेत' अशी स्पष्ट सूचना कार्टच्या वरच्या बाजूस दाखवावी.

एकत्र करताना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे काढून टाकलेली वस्तू पुन्हा उगवणे. अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली डायनॅमो या आपल्या साठवण-प्रणालीवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात नेमकी हीच गोष्ट नोंदवली आहे. सर्व्हर बंद पडले तरी ग्राहकाने कार्टमध्ये टाकलेली वस्तू कधीही हरवू नये, हे त्यांनी सर्वांत वर ठेवले. त्याची किंमत म्हणून दोन नोंदी जुळवताना काढलेली वस्तू क्वचित परत दिसू शकते, हे त्यांनी स्वीकारले. एका डेटाबेसवर चालणाऱ्या दुकानाला अशी तडजोड करण्याची गरज नाही. वस्तू काढली की तिची ओळ पुसण्याऐवजी 'काढली' अशी खूण आणि वेळ नोंदवावी, आणि एकत्र करताना जी कृती नंतरची असेल ती मान्य करावी.

लॉगआउट करताना जुना बिल्ला रद्द करून नवा द्यावा, म्हणजे त्याच संगणकावर पुढे बसणाऱ्या व्यक्तीला आधीच्या व्यक्तीची कार्ट दिसणार नाही.

९. कार्टमध्ये वस्तूची किंमत नोंदवावी का?

नोंदवावी, पण हिशेबासाठी ती वापरू नये. कार्टच्या प्रत्येक ओळीत वस्तूचा क्रमांक, रंग किंवा मापाचा क्रमांक, नग, टाकल्याची वेळ आणि त्या वेळी ग्राहकाला दिसलेली किंमत एवढे असावे. प्रत्यक्ष बेरीज दर वेळी किंमतपत्रकातील चालू किमतीवरून करावी, आणि दिसलेल्या किमतीत व चालू किमतीत फरक पडला असेल तर तो ग्राहकाला पैसे भरण्यापूर्वी ठळकपणे सांगावा. किंमत कमी झाली असली तरीही सांगावे.

ब्राउझरकडून आलेल्या किमतीवर तर कधीच विसंबू नये. पानाच्या फॉर्ममध्ये लपवलेल्या रकान्यात किंमत ठेवून तीच परत स्वीकारणारी दुकाने पूर्वी पुष्कळ होती, आणि तो रकाना बदलून कवडीमोलाने खरेदी करणे कोणालाही जमत असे.

रकमा दशांश अपूर्णांकात न ठेवता चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवाव्यात. संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांक-पद्धतीत ०.१ अधिक ०.२ यांचे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते, आणि असे बारीक फरक मोठ्या कार्टच्या बेरजेत कधीतरी प्रत्यक्ष दिसतात.

१०. वस्तू कार्टमध्ये पडताच साठ्यातून बाजूला काढावी का?

बहुतेक दुकानांनी तसे करू नये. कार्टमध्ये टाकणे म्हणजे विकत घेण्याचा निर्णय नव्हे. लोक तुलना करण्यासाठी आणि आठवणीसाठीही वस्तू तेथे टाकतात, आणि असा प्रत्येक नग अडवला तर खरा ग्राहक 'साठा संपला' वाचून परत जातो. ग्राहक पैसे भरण्याच्या पानावर आला की दहा-पंधरा मिनिटांसाठी नग राखून ठेवावा आणि उरलेला वेळ त्याला दिसू द्यावा. कार्यक्रमाच्या तिकिटांसारख्या, प्रत्येक जागा एकमेव असलेल्या विक्रीत मात्र निवडताक्षणीच जागा राखणे योग्य ठरते.

शेवटचा नग दोघांनी एकाच वेळी घेतला तर काय, याचे उत्तर डेटाबेसच्या एका आज्ञेत आहे. आधी साठा वाचायचा, मग विचार करायचा आणि मग वजा करायचा, अशा तीन पायऱ्या ठेवल्या तर मधल्या फटीत दुसरा ग्राहक शिरतो. त्याऐवजी 'साठा पुरेसा असेल तरच वजा कर' अशी एकच आज्ञा द्यावी आणि तिने खरोखर एखादी ओळ बदलली का ते पाहावे. बदलली नसेल तर नग दुसऱ्याला गेला आहे.

११. कधी कधी एक वस्तू टाकली असता दोन का पडतात?

संथ नेटवर बटण दोनदा दाबले जाते, हे नेहमीचे कारण. प्रत्येक दाबण्यासोबत एक वेगळा क्रमांक पाठवावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो सोडून द्यावा, असा उपाय करण्याचे अनेकांच्या मनात येते. पण दोनदा दाबल्यावर क्रमांकही दोन तयार झाले, तर त्याचा उपयोग होत नाही. क्रमांक पान उघडतानाच तयार करावा आणि सर्व्हरचे उत्तर आल्यावरच बदलावा.

'कार्टमध्ये टाका' ही साधी लिंक असणे हे दुसरे कारण. शोधयंत्रांचे प्रोग्रॅम पानावरची प्रत्येक लिंक उघडून पाहतात, काही ब्राउझर लिंक आधीच उघडून ठेवतात, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी कार्टमध्ये वस्तू पडते. म्हणून ही कृती पोस्ट पद्धतीच्या, म्हणजे सर्व्हरवर काही बदलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, विनंतीनेच व्हावी, आणि ती झाल्यावर ग्राहकाला कार्टच्या पानावर वळवावे, म्हणजे पान ताजे केले तरी तीच विनंती पुन्हा जाणार नाही.

तिसरे कारण म्हणजे दोन टॅब. कार्टच्या पानावरील नगांचा रकाना 'एक वाढव' असे न सांगता 'तीन कर' असे सांगेल, अशी रचना करावी. तेच दोनदा सांगितले तरी नग तीनच राहतात.

१२. ग्राहकाला दुसऱ्याच कोणाची कार्ट दिसली. हे कसे शक्य आहे?

हे शक्य आहे आणि अत्यंत गंभीर आहे. असे आढळल्यास पानांची साठवण, म्हणजे कॅशिंग, ताबडतोब बंद करून मग कारण शोधावे. वेग वाढवण्यासाठी तयार पान साठवून सर्वांना तेच देण्याची सोय केलेली असते, आणि त्या साठवलेल्या पानात पहिल्या ग्राहकाच्या कार्टचा आकडा अडकलेला असतो. याहून वाईट प्रकार म्हणजे पानाबरोबर बिल्ला देणारी सूचनाही साठवली जाणे, कारण मग त्यानंतरच्या प्रत्येकाच्या हाती एकच बिल्ला पडतो. सामाईक पानात कार्टचे काहीही छापू नये. वरच्या कोपऱ्यातील आकडा पान उघडल्यावर वेगळ्या विनंतीने आणावा, आणि त्या उत्तरावर ते कोठेही साठवू नये अशी स्पष्ट सूचना असावी.

मागे जाण्याचे बटण दाबल्यावर जुना आकडा दिसतो, ही तक्रार वेगळी आणि निरुपद्रवी आहे. ब्राउझर ते पान आपल्या स्मृतीतून जसेच्या तसे दाखवतो. पान पुन्हा समोर येताच आकडा नव्याने मागवला की काम भागते.

१३. बिल्ला चोरीला जाऊ नये म्हणून काय करावे?

क्रमांक ओळीने देऊ नयेत. ४५१ नंतर ४५२ असा बिल्ला असेल, तर शेजारच्या कार्टमध्ये डोकावणे अगदी सोपे होते. तो सांकेतिक दृष्ट्या सुरक्षित यादृच्छिक पद्धतीने, १२८ बिट लांबीचा तयार करावा. कुकीवर सिक्युअर, एचटीटीपी-ओन्ली आणि सेमसाइट या तिन्ही खुणा असाव्यात: पहिलीमुळे ती फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते, दुसरीमुळे पानातील स्क्रिप्टला वाचता येत नाही आणि तिसरीमुळे परक्या संकेतस्थळावरून सुरू झालेल्या विनंत्यांबरोबर तिचे जाणे मर्यादित होते. लॉगिन होताच सेशनचा क्रमांक बदलावा, अन्यथा कोणी आधीच आपल्या माहितीतला क्रमांक ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये पेरून ठेवलेला असल्यास तो त्या खात्यात शिरू शकतो.

१४. कार्टच्या कुकीसाठी ग्राहकाची संमती घ्यावी लागते का?

युरोपीय संघाच्या विदासंरक्षण कार्यगटाने २०१२ साली दिलेल्या अभिप्रायानुसार, ग्राहकाने स्वतः मागितलेली सेवा देण्यासाठी आवश्यक असलेल्या कुकीला, आणि त्यात कार्टची कुकी येते, वेगळी संमती लागत नाही. ही सूट त्या कामापुरती आणि मर्यादित मुदतीपुरतीच आहे. तोच बिल्ला जाहिरातींसाठी किंवा ग्राहकाच्या सवयींचा माग काढण्यासाठी वापरला, तर ती राहत नाही. म्हणून कार्टची कुकी वेगळी ठेवावी आणि तिला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

१५. सोडून दिलेल्या कार्ट कशा मोजाव्यात?

आधी व्याख्या ठरवावी. शेवटच्या बदलानंतर किती तासांनी कार्ट 'सोडलेली' मानायची, हे ठरवल्याशिवाय काढलेल्या टक्केवारीला अर्थ नसतो. प्रोग्रॅमने भरलेल्या कार्ट आणि त्याच ग्राहकाने दुसऱ्या उपकरणावरून पूर्ण केलेली खरेदी हिशेबातून वगळावी. बेमार्ड इन्स्टिट्यूट या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे दहांपैकी सात कार्ट सुटत असतील तर घाबरून जाण्याचे कारण नाही. आठवणीचा ईमेल पाठवायचा असेल, तर ज्याने तशी परवानगी दिली आहे त्यालाच, आणि एकदाच पाठवावा. फॉर्ममध्ये अर्धवट टंकून सोडून दिलेला पत्ता उचलून त्यावर ईमेल पाठवणे मला अयोग्य वाटते.

१६. कार्ट रिकामी केव्हा करावी?

पैसे जमा झाल्याची खात्री पेमेंट सेवेच्या सर्व्हरकडून थेट आपल्या सर्व्हरला मिळाल्यानंतरच करावी. 'धन्यवाद'चे पान उघडले म्हणून करू नये, कारण पैसे भरून झाल्यावर अनेक ग्राहक ते पान येण्याआधीच टॅब बंद करतात, आणि मग भरलेली कार्ट पुन्हा दिसल्याने तीच खरेदी दुसऱ्यांदा करतात. ग्राहक पैसे भरायला निघताना कार्टची त्या क्षणीची प्रत, किमतींसह, ऑर्डर म्हणून वेगळी नोंदवावी आणि ती नंतर बदलू नये. पैसे जमा झाले की कार्टमधून तेवढ्याच वस्तू वजा कराव्यात, सगळी कार्ट पुसू नये. मधल्या काळात ग्राहकाने दुसऱ्या टॅबमधून आणखी काही टाकले असू शकते. पेमेंट फसले, तर कार्ट होती तशीच त्याच्यासमोर यावी.